डाव्या बाजूचा आवाज

३ फेब्रुवारी, सोमवार

निवृत्तीला वर्ष झालं. या वर्षात घरातल्या कोणीही माझा सल्ला मागितलेला नाही. तो वाया जाऊ नये म्हणून ही वही आणली. वही उलट उत्तर देत नाही, हा तिचा द्वारकेपेक्षा मोठा गुण.

द्वारका म्हणजे माझी बायको. घरी मुलींना गाणं शिकवते. तिच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं असतात, सुरातली आणि मी.

तर, मला नवी नोकरी लागली आहे. आमची मुलगी सृष्टी आणि जावई दोघंही हडपसरला आयटीत आहेत. शनिवार-रविवारीसुद्धा त्यांचं काहीतरी 'रिलीज' असतं. काय मोकळं सोडतात देव जाणे. तेव्हा नात सोनू, वय वर्षं सहा, हिला दर शुक्रवारी हडपसरहून इकडे कर्वेनगरला आणायचं आणि रविवारी परत पोचवायचं. पगार शून्य, सूचना भरपूर. काल पहिली फेरी पार पडली.

परतताना द्वारका म्हणाली, "अहो, गाडी आवाज करतेय."

मी काचा वर केल्या, पंखा बंद केला, अर्धा रस्ता कान देऊन ऐकलं. काहीही नाही. गाडी मांजरासारखी चालली होती.

"तानपुरा लावल्यासारखा एक सूर धरलाय तिने. वेग वाढवला की चढतो," द्वारका म्हणाली.

मी म्हटलं, "मग तू वर बंदिश म्हण. प्रवासही होईल, रियाजही होईल." पुढे घरापर्यंत शांतता. ती मात्र मला नीट ऐकू आली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज सोनूला आणलं. मागच्या सीटवर बसल्या बसल्या ती म्हणाली म्हणे, की आजोबांची गाडी विमानासारखी करते. "म्हणे" अशासाठी, की हे मला द्वारकेने घरी आल्यावर सांगितलं. आजकालची मुलं तोंडातल्या तोंडात बोलतात. शाळेत स्पष्ट उच्चारांवर कोणी मेहनत घेत नाही. आमच्या वेळी वर्गात शेवटच्या बाकावरून बोललेलं मास्तरांना ऐकू जायचं, आणि मग आम्हालाही ऐकून घ्यावं लागायचं.

आजीने नातीला पढवलेलं दिसतंय. दोघींची युती झाली आहे.

मी तीस वर्षं विमा कंपन्यांसाठी अपघातातल्या गाड्या तपासल्या. गाडीवाले खोटं बोलतात, गॅरेजवाले त्याहून खोटं बोलतात, पत्रा तेवढा खरं बोलतो. इतक्या वर्षांत मला गाडीचं काही शिकवायचं राहिलं असेल तर ते एका हार्मोनियमवाल्या बाईने आणि पहिलीतल्या मुलीने शिकवावं, हे फारच झालं.

१० फेब्रुवारी, सोमवार

वरच्या मजल्यावरचे संजयराव जिना उतरून आमच्याकडे आले. चेहरा असा, की कोणी गेलं असावं. म्हणाले, "टीव्हीचा आवाज जरा कमी ठेवता का? आम्हाला आमच्या बातम्या ऐकू येत नाहीत, तुमच्या येतात."

मी म्हटलं, "बातम्या त्याच आहेत, मग तुमचा टीव्ही बंद ठेवा, वीज वाचेल."

ते हसले नाहीत. विनोद समजायला वेळ लागतो काहींना. द्वारकेने त्यांची माफी मागितली. माझ्या वतीने माफी मागण्याचा तिला छंदच आहे.

तिची आणखी एक नवी खोड. पूर्वी स्वयंपाकघरातून ओरडून काय ते सांगायची. आता ओटा सोडून बाहेर येते, माझ्यासमोर उभी राहते आणि तोंडाकडे बघत एकेक शब्द बोलते. जणू मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आहे. वयोमानाने बायका अधिकारी होतात.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

रोजचं टुमणं थांबावं म्हणून सकाळी गाडी नासिरच्या गॅरेजमध्ये सोडली. नासिर आमच्याच गल्लीच्या टोकाला असतो. त्याच्या वडिलांकडेही मी गाडी नेत असे. माणूस बरा आहे, म्हणजे त्याची लबाडी मला अजून सापडलेली नाही.

दुपारी त्याचा फोन आला. मागे कोणीतरी पत्रा ठोकत होतं. म्हणाला, "काका, डावीकडचं स्टेअरिंग गेलंय."

डावीकडचं स्टेअरिंग. गाडीला दोन स्टेअरिंग असतात हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, "मग आता काय करू?" तर म्हणाला, "चालवून बघा, लांब जाऊन बघा." आणखीही काही बोलला. मी "बरं, बरं" म्हटलं. असल्या निदानावर जास्त चर्चा करण्यात अर्थ नसतो.

गाडी आणायला गेलो तेव्हा तो जुम्म्याच्या नमाजला गेला होता. किल्ली शेजारच्या पंक्चरवाल्याकडे ठेवलेली होती. घेतली, तसाच हडपसरला गेलो आणि सोनूला घेऊन आलो. तो म्हणाला होता लांब जाऊन बघा, त्यामुळे त्याच्या आज्ञेचंही पालन झालं. स्टेअरिंग ठणठणीत आहे. किंचित थरथरतं, पण साठीनंतर कोणाचं काय थरथरत नाही.

घरी द्वारकेने विचारलं, "नासिर काय म्हणाला?"

"डावीकडचं स्टेअरिंग गेलंय म्हणाला. चालवून बघा म्हणाला. बघितलं. काही झालेलं नाही."

तिच्या कपाळावर आठी पडली. "स्टेअरिंग? आणि आवाजाचं काय?"

"आवाजाचं तो काही बोलला नाही. कारण आवाज नाहीये."

"मी विचारू का त्याला फोन करून?"

आता मात्र मला राग आला. ज्या माणसाच्या सहीवर कंपन्या दावे मंजूर करत होत्या, त्याने गॅरेजवाल्याकडून ऐकलेलं बायकोने पडताळून बघायचं. मी तसं बोललो. जरा चढ्या आवाजात बोललो असेन. सोनू हातातली खेळणी ठेवून आमच्याकडे बघत राहिली. द्वारका म्हणाली, "राहू दे," आणि आत गेली.

१९ फेब्रुवारी

डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला आहे. ब्रेकच्या कुठल्याशा सेन्सरचा. या नव्या गाड्यांना दिवे लावायची फार हौस. आमच्या जुन्या गाडीत दिवा लागायचा तो फक्त रात्री आणि पुढे.

द्वारकेला सांगितलं नाही. तिला एक सूर पुरे आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार

आजच लिहायला हवं. उद्या मीच माझ्या सोयीचं लिहीन, इतपत मी स्वतःला ओळखतो.

दुपारी जेवून सोनूला पोचवायला निघालो. द्वारका पुढे शेजारी, सोनू मागे. स्वारगेट ओलांडून सोलापूर रस्त्याला लागलो. एक रिक्षावाला बराच वेळ आमच्या बाजूने चालवत होता आणि हात हलवत होता. त्याला पुढे जायचं असेल म्हणून मी त्याच्याकडे पुणेरी नजरेने पाहिलं. ती नजर सहसा पुरते. तो डोकं हलवत निघून गेला. मग एक मोटारसायकलवाला डावीकडे आला. मागे बसलेली मुलगी खाली चाकाकडे बोट दाखवत काहीतरी म्हणत होती. तिच्याकडेही मी तसंच पाहिलं. आरशात दिसलं, की सोनूने दोन्ही कानांवर हात धरले आहेत. मला वाटलं खेळतेय.

काहीतरी जळल्याचा वास होता. पुण्यात हल्ली कुठे ना कुठे काहीतरी जळतच असतं.

हडपसरच्या उड्डाणपुलाच्या अलीकडे पुढची बस थांबली म्हणून ब्रेक दाबला. पाय नेहमीपेक्षा खूप खाली गेला आणि गाडी डावीकडे ओढली गेली. ब्रेक लागला, पण उशिरा. बसच्या मागचा पत्रा काचेत भरला होता. बस हलली. मी पुन्हा गिअर टाकला आणि पुलाकडे वळवायला लागलो, तेवढ्यात द्वारकेने माझं मनगट पकडलं. नखं रुतली. मी तिच्याकडे पाहिलं.

ती ओरडत होती. तोंड पूर्ण उघडलेलं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. आणि मला ते शेजारच्या घरातलं भांडण ऐकू यावं तसं येत होतं. "थांबवा. अहो, थांबवा." ती ते कधीपासून म्हणत होती कोण जाणे.

मी पूल सोडून डावीकडच्या कडेला घेतली. द्वारका गाडी पूर्ण थांबायच्या आत दार उघडून उतरली, मागचं दार उघडून सोनूला काढलं आणि फुटपाथवर लांब जाऊन उभी राहिली. मी आतच. मागचा अर्धा भाग रस्त्यावर होता, म्हणून आणखी थोडी आत घ्यावी असं मला वाटलं. वाटायला काय जातं. क्लच सोडला. गाडी हातभर सरकली आणि बसली. डाव्या गुडघ्यावर बसली म्हणायला हवं. पुढचं डावं चाक आतल्या बाजूला आडवं झालं होतं. मडगार्डचा पत्रा चाकावर टेकला होता आणि मधून धूर येत होता.

असं चाक मी नोकरीत बऱ्याचदा पाहिलं आहे. मला गाडी नेहमी नंतर दाखवत. आतली माणसं तोवर हलवलेली असत. एकदा कात्रजच्या घाटात, एकदा नगर रस्त्यावर. बेरिंग झिजून झिजून सुटतं, चाक डगमगतं, ब्रेक धड लागत नाही, आणि शेवटी चाक एकतर जाम होतं नाहीतर निघून जातं. मी रिपोर्टात लिहायचो, 'असे बेरिंग निकामी होण्यापूर्वी दीर्घकाळ आवाज करते. चालकाने त्याकडे दुर्लक्ष केल्याचे दिसते.' कंपनीला ते वाक्य फार आवडायचं.

पुलावर हेच झालं असतं तर बाजूला कठडा होता आणि मागे ट्रक. सोनू डाव्या खिडकीशी बसली होती.

सृष्टी रिक्षा करून आली. सोनूला उचललं, पाठीवरून हात फिरवला, मग माझ्याकडे वळली. "बाबा, तुला लागलं नाही ना?" मी नाही म्हटलं. "आई सांगत होती ना तुला?" मी चाकाकडे पाहिलं. "इतके आठवडे सांगत होती ना?"

आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर बरं झालं असतं. ती म्हणाली, यापुढे सोनू तुझ्या गाडीतून येणार नाही. नीट, सावकाश, समोर उभं राहून म्हणाली. सगळं ऐकू आलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

गाडी टोचन करून नासिरकडे आणली. मी तयारीनेच गेलो होतो. म्हटलं, "तुझं ते डावीकडचं स्टेअरिंग बघ. चालवून बघा म्हणाला होतास, चालवली. आता पुढचा सल्ला दे."

नासिर माझ्याकडे बघत राहिला. मग हात पुसले आणि म्हणाला, "काका, मी स्टेअरिंग कशाला म्हणेन? बेरिंग म्हणालो. डावीकडचं बेरिंग गेलंय. आणि चालवू नका म्हणालो. लांब तर जाऊच नका म्हणालो."

"मग मी फोनवर काय म्हटलं?"

"तुम्ही बरं बरं म्हणालात." तो खुर्चीवर बसला. "मी गाडी उभीच ठेवणार होतो. नमाजहून आलो तर गाडी नाही. वाटलं, तुम्हाला घाई असेल, दुसरीकडून करून घेतलं असेल. मी पण पुन्हा फोन केला नाही. करायला हवा होता."

मी म्हणू शकलो असतो, की मागे पत्रा ठोकत होते. ठोकतच होते. पण त्याच ठोकाठोकीत नासिरला माझं 'बरं' नीट ऐकू गेलं होतं.

घरी येऊन द्वारकेला सांगितलं. ती भाजी निवडत होती. हात थांबले. म्हणाली, "मी त्या दिवशी फोन करायला हवा होता. तुम्ही रागावला असतात, एवढंच झालं असतं." मग पुन्हा निवडायला लागली. मला काहीतरी लागेल असं बोलली असती तर उत्तर तयार होतं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

शुक्रवार. हडपसरला जायचं नव्हतं. संध्याकाळी सवयीने बूट घातले आणि परत काढले.

४ मार्च, मंगळवार

गाडी तयार झाली. नासिर म्हणाला चक्कर मारू या. तो चालवायला बसला, मी शेजारी, द्वारका मागे. डीपी रोडला त्याने वेग दिला. द्वारकेचा चेहरा आरशात दिसत होता. तिने डोळे मिटले आणि मान डोलावली, एखादी शिष्या अखेर सुरावर आल्यासारखी.

"गेला," ती म्हणाली.

"एकदम शांत ना, मावशी?" नासिर म्हणाला. "काका, जमीन-अस्मानाचा फरक आहे की नाही?"

मी ऐकलं. मन लावून ऐकलं. गाडी मांजरासारखी चालली होती. अगदी आधी चालायची तशीच. मला काडीचा फरक कळला नाही.

"हो," मी म्हटलं, "खूपच फरक पडला."

आरशात द्वारका माझ्याकडे बघत होती. घरी आल्यावर ती जिन्यात थांबली, माझ्यासमोर आली, आणि तेव्हा मला समजलं ती रोज समोर येऊन का उभी राहते ते. "तुम्हाला फरक नाही ना कळला?"

मी म्हटलं, "नाही."

"मला दिवाळीपासून शंका आहे," ती म्हणाली. "सांगितलं असतं तर तुम्ही काहीतरी लागट बोलला असतात. मला त्याचा कंटाळा आला होता."

यावरही मला एक चांगलं लागट वाक्य सुचलं होतं. नाही बोललो. वाया गेलं.

७ मार्च, शुक्रवार

सदाशिव पेठेत कानाच्या दवाखान्यात गेलो. मला एका काचेच्या खोलीत बसवलं. तपासणारी बाई काचेपलीकडे. कानांवर जाडजूड हेडफोन, हातात एक बटण. आवाज आला की दाबायचं. उजव्या कानात मधूनमधून टुक टुक आलं, मी दाबलं. काही वेळा काही न येताच दाबलं. परीक्षेत कोरी जागा सोडू नये, हे आम्हाला लहानपणी शिकवलेलं आहे.

मग ती खुणेने म्हणाली, आता डावा. मी सावरून बसलो, अंगठा बटणावर तयार ठेवला. ती यंत्रावर काहीतरी करत होती. मी वाट बघत होतो. सरकारी कचेरीपेक्षा इथे बरी कामं होत असतील अशी अपेक्षा होती, पण इथेही तेच. बाई माझ्याकडे बघतेय, मी बाईकडे बघतोय.

तिने दार उघडलं. "झालं, काका."

मी विचारलं, "सुरू कधी झालं?"

ती खाली बघून कागद लावायला लागली. दाराशी द्वारका उभी होती. तिने माझ्या हातातून बटण काढून घेतलं आणि टेबलावर ठेवलं.

मशीन पुढच्या आठवड्यात मिळेल. डावा कान यंत्राने कितपत वठणीवर येईल सांगता येत नाही म्हणे. उजव्यात अजून दम आहे. तोवर गाडी चालवायची नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही, मीच ठरवलं. किल्ली द्वारकेकडे दिली. तिचं लायसन आहे, पण सवय मोडली आहे. म्हणाली सोसायटीच्या आवारात सराव करेन. संजयरावांनी आपली गाडी आजच लांब नेऊन लावली.

९ मार्च, रविवार

द्वारका आणि मी बसने हडपसरला गेलो. सृष्टीने दार उघडलं. मी कानाचा कागद तिच्या हातात दिला. तिने वाचला, मग मला आत घेतलं आणि चहा टाकला. सृष्टीच्या चहात साखर कमी असते. आजही होती. मी मुकाट प्यालो.

निघताना सोनू म्हणाली मी पण येणार, माझी उद्या सुट्टी आहे. मी सृष्टीकडे पाहिलं. ती माझ्यासमोर येऊन म्हणाली, "बसने जाणार असशील तर ने."

बसमध्ये गर्दी नव्हती. द्वारका पलीकडच्या सीटवर, सोनू माझ्या डावीकडे खिडकीत. ती माझ्या कानाशी काहीतरी कुजबुजली. मी म्हटलं, इकडून नाही. मग आम्ही जागा बदलली. तिने माझा उजवा कान दोन्ही हातांनी धरला, त्यात तोंड घातलं आणि विचारलं, "आजोबा, त्या दिवशी गाडीत तू घाबरलास?"

नीट ऐकू आलं. गरम वाफेसकट.

मी पलीकडे पाहिलं. द्वारका खिडकीबाहेर बघत होती. ही गोष्ट मी अजून कोणालाच सांगितलेली नव्हती. मग मी सोनूकडे वाकलो आणि अगदी हळूच, फक्त तिलाच ऐकू जाईल असं म्हणालो, "खूप घाबरलो."

द्वारका वळली. पुढच्या दोन्ही सीटवरची माणसं वळली. कंडक्टरने तिकिटं फाडायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं.